वस्तऱ्याची धार बघायची, तर भिंग कितीचं?

आमच्या गल्लीच्या टोकाला निंबाखाली एक लाकडी खुर्ची असायची आणि तिच्यामागे आप्पा. धोकटीत दोन वस्तरे, मधोमध झिजून खोल गेलेला निसणा (धार लावायचा दगड), चामड्याचा पट्टा, तुरटीचा खडा. गिऱ्हाईक नसलं की आप्पा निसण्यावर वस्तरा घासत बसत. घासून झाला की धार वर करून तो उजेडात धरायचे आणि एक डोळा मिटून टोकापासून मुठीपर्यंत धारेकडे अगदी समोरून बघत जायचे. मी सातवी-आठवीत असेन. एकदा विचारलं, "आप्पा, काय दिखस तुमले?"

"काहीच नही. दिखत नही ना, मंग धार शे."

तेव्हा वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पुढे मला स्वतःलाच वस्तरे पाजवायचा नाद लागला. भिंगं जमली, एक सूक्ष्मदर्शक घरात आला, बायकोची बोलणी खाऊन झाली, आणि मग कळलं की आप्पांनी सगळा विषय एका वाक्यात उरकला होता. बाकीचा हा लेख म्हणजे त्या वाक्याचा खुलासा, आणि बाजारात भिंग घ्यायला जाल तेव्हा पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही एवढंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतं, आणि तसंच असायला हवं. मी बोलतोय तो अखंड पोलादी पात्याच्या, घरी एकट्यानं वापरायच्या वस्तऱ्याबद्दल. तो पाजवावा लागतो, आणि पाजवताना काम कुठवर आलंय हे बघावं लागतं.

बघायचं म्हणजे नेमकं किती बारीक बघायचं? इथे मायक्रॉन हे माप लागतं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. आपल्याकडे खानदेशात खिडकी उघडली की घरात येतो तो कापसाचा तंतू साधारण १५ मायक्रॉन रुंद. जपानी मापाच्या १००० नंबरच्या निसण्यातले कण सरासरी ११-१२ मायक्रॉनचे, म्हणजे कापसाच्या तंतूहून थोडे लहान. ४००० नंबरचे ३ मायक्रॉन, ८००० नंबरचे सव्वा मायक्रॉनच्या आसपास. आणि दाढी होईल अशा वस्तऱ्याच्या धारेचं अगदी टोक? अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. कापसाच्या एका तंतूच्या रुंदीत अशी तीस-चाळीस टोकं शेजारीशेजारी बसतील.

चांगल्या नजरेच्या माणसाला वीत-सव्वा वीत अंतरावरून, म्हणजे २५ सेंटिमीटरवरून, ७० ते १०० मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. केस दिसतो, त्याहून बारीक काही शेजारीशेजारी असेल तर ते एकच वाटतं. १० एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, भिंग लावलं की ही मर्यादा दहापट खाली येते, ७ ते १० मायक्रॉन. मग सरळ हिशोब करावासा वाटतो: अर्धा मायक्रॉन बघायला २०० एक्स, अजून नीट बघायला हजार एक्स. मीही हाच हिशोब केला होता. तो चुकीचा आहे, कारण मध्ये प्रकाश येतो.

प्रकाश लाटांनी बनलेला आहे आणि या लाटेलाही लांबी आहे. हिरव्या उजेडाची तरंगलांबी साधारण ०.५५ मायक्रॉन. ज्या गोष्टीचा आकार त्या लाटेएवढा किंवा तिच्याहून लहान, तिचा आकार त्या लाटेनं दाखवणं अवघड. तापीच्या पात्रात रोवलेल्या काठीमुळे पुराच्या लाटेला काहीच फरक पडत नाही, पण पुलाच्या खांबामुळे पडतो, तसंच. जर्मनीतल्या एर्न्स्ट आबं यांनी १८७३ साली याचा हिशोब मांडला. त्यांच्या सूत्रात भिंग किती पट मोठं करतं हा आकडाच नाही. आहे तो भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं याचा. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या भिंगावर नीट बघा. १० एक्सच्या शेजारी ०.२५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ४० एक्सच्या शेजारी ०.६५. खरा आकडा तो दुसरा. तरंगलांबीला त्याच्या दुपटीनं भागा: ०.२५ च्या भिंगाला १.१ मायक्रॉनपर्यंतचं वेगळं दिसतं, ०.६५ च्या भिंगाला ०.४२ पर्यंत. म्हणजे प्रयोगशाळेतल्या चांगल्या भिंगालाही धारेचं टोक जेमतेम काठावरच सापडतं. तो आकार खरोखर बघायचा तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो आपल्या ओट्यावर मावत नाही.

मग सूक्ष्मदर्शकातून धार बघणारे लोक बघतात काय?

जुन्या धाब्याच्या घरात गवाक्षातून उन्हाचा कवडसा आत येतो आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. एरवी तेच कण तिथेच असतात, दिसत नाहीत. कवडशात दिसतात तेही चकाकतात म्हणून. कणाचा आकार गोल की चौकोनी हे कुणी सांगू शकत नाही. वस्तऱ्याच्या धारेचं अगदी हेच आहे. टोक पुरेसं बारीक असेल तर त्यावर उजेड पडून परत डोळ्याकडे यायला सपाट जागाच नाही. म्हणून समोरून बघितलं तर धार काळी दिसते, खरं म्हणजे दिसतच नाही. कुठे ती बोथट राहिली असेल, चिमुकला खांडा पडला असेल, घासताना पातळ पत्री उलटून उभी राहिली असेल (वर्कशॉपवाले तिला बर म्हणतात), तर तिथे उजेड परत फिरतो आणि पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते. चकाकी दिसली की दोष, अंधार दिसला की धार. आप्पा उजेडात हेच बघत होते, आणि त्यांच्याकडे भिंगही नव्हतं.

हे एकदा डोक्यात बसलं की भिंग निवडायचा प्रश्न सोपा होतो. धारेचं टोक दाखवणारं भिंग शोधायचंच नाही. उतारावरचे (म्हणजे धारेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या दोन बाजूंवरचे) चरे आणि धारेवरची चकाकी स्वच्छ दाखवेल असं भिंग शोधायचं. त्यासाठी पट कमी लागते आणि उजेड जास्त लागतो.

जळगावच्या सराफ बाजारात कुठल्याही पेढीवर जा, गल्ल्याशेजारी एक घडीचं छोटं भिंग पडलेलं असतं. सराफ त्याला आयग्लास म्हणतात. हिऱ्याची शुद्धता जगभर ठरवतात ती १० एक्सच्या भिंगाखाली. त्या भिंगात जो डाग दिसत नाही तो नसल्यासारखाच धरतात. हाच आयग्लास वस्तऱ्याला सगळ्यात जास्त कामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. वर्षाकाठी मी जेवढी तपासणी करतो त्यातली बहुतेक यानेच होते.

पण आयग्लास-आयग्लासात फरक आहे. स्वस्तातला असतो तो एकाच काचेचा. त्यात मधला भाग बरा दिसतो आणि कडेला सगळं वाकडं होतं, काळ्या-पांढऱ्या सीमेवर निळी-पिवळी किनार दिसते. वस्तऱ्याच्या बाबतीत ही किनार घातक, कारण नेमकी धार म्हणजेच काळ्या-पांढऱ्याची सीमा. चांगला असतो तो तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेला, ट्रिपलेट. त्यात किनार जवळजवळ नसते. दुकानात ओळखायची युक्ती सोपी: खिशात आलेख कागदाचा तुकडा घेऊन जा. भिंगातून रेघा बघा. कडेपर्यंत सरळ राहिल्या आणि रंग फुटले नाहीत तर घ्या. आणि भिंगावर ३० एक्स, ४० एक्स कोरलेलं असलं तर भुलू नका. खऱ्या ३० एक्सची काच हरभऱ्याच्या डाळीएवढी बारीक असावी लागते आणि वस्तू आठेक मिलिमीटरवर आणावी लागते. बोटभर रुंद काचेवर ३० एक्स लिहिलेलं असेल तर तो कोरणाऱ्याचा उत्साह.

साधा हिशोब असा की २५० ला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागलं की पट निघते. १० एक्स म्हणजे २५ मिलिमीटर, एक इंच. २० एक्स म्हणजे अर्धा इंच. इथे वस्तऱ्याचा एक खास मुद्दा येतो जो हिऱ्याला नाही. आयग्लास डोळ्याला चिकटवून धरायचा असतो आणि वस्तू त्याच्याकडे आणायची असते. वाचायच्या भिंगासारखा हातभर लांब धरला तर त्यातून काहीच नीट दिसत नाही. म्हणजे उघडा वस्तरा तुमच्या डोळ्यापासून एक-दीड इंचावर. दोन्ही हात एकमेकांना टेकवून, कोपरं टेबलावर ठेवून बघा. उभ्यानं नको, आणि घरात लहान पोरं पळत असतील तेव्हा तर अजिबात नको. २० एक्सला वस्तरा अर्ध्या इंचावर येतो आणि तुमच्या डोक्याचीच सावली पात्यावर पडते. म्हणून १० आणि फार तर १५ च्या वर हातातल्या भिंगाने जाऊ नये असं मी म्हणतो.

कृषी सेवा केंद्रात कपाशीवरचे तुडतुडे, फुलकिडे, लाल कोळी बघायला १० एक्सचं भिंग मिळतं. घरात तेच असेल तर नवं घ्यायच्या आधी ते वापरून बघा. एक काचेचं असतं, पण सुरुवातीला चालून जातं. कापडवाल्यांचं धागे मोजायचं घडीचं भिंग मात्र फार कमी पटीचं असतं. याच जातीच्या भिंगावरून एक गंमत आठवते. सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातला मोठा माणूस, हॉलंडच्या डेल्फ्ट गावचा लेवेनहूक, धंद्याने कापडाचा व्यापारी होता. पुढे त्याने स्वतः केलेल्या एका काचेच्या मण्यातून जिवाणू पाहिले. त्याची काही यंत्रं अजून शिल्लक आहेत, त्यातलं एक जवळपास २७० पट मोठं दाखवतं. काच बाजरीच्या दाण्याएवढी. कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांना या माणसाविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन एक यूएसबी सूक्ष्मदर्शक दिसला. "१००० एक्स", भोवती आठ एलईडी दिवे, फोनला जोडता येतो. कंपनीचं नाव सांगत नाही, तशा पन्नास आहेत. मागवला. वस्तरा खाली ठेवला आणि पडद्यावर नांगरलेल्या शेतासारखे चरे दिसले. मी ८००० नंबरच्या निसण्यावर परत गेलो. पंधरा मिनिटं घासून पुन्हा बघितलं, शेत तसंच. पुन्हा घासलं. तीन तास. शेवटी धार इतकी पातळ आणि कमकुवत झाली की पट्टा मारतानाच (चामड्यावर वस्तरा फिरवतानाच) तिचे बारीक खांडे पडले आणि मला परत १००० नंबरपासून सुरुवात करावी लागली. वस्तरा आधीच ठीक होता. दुसऱ्या दिवशी आयग्लासने बघितलं तर जे "चरे" मला दिसत होते त्यातले अर्धे गोल मांडलेल्या दिव्यांचे प्रतिबिंब होते.

हा हजार एक्स येतो कुठून ते सांगतो. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. फोनवर काढलेला फोटो वीस फूट केलेला असतो. चेहरा ट्रॅक्टरएवढा होतो, पण डोळ्याची पापणी काही मोजता येत नाही, कारण ती मूळ फोटोतच नव्हती. यूएसबी सूक्ष्मदर्शकाचे बहुतेक आकडे असे फ्लेक्सचे आकडे असतात: लहान चित्र मोठ्या पडद्यावर ताणलेलं. तुम्ही स्वतः तपासू शकता. खाली पोलादी पट्टी ठेवा आणि पडद्यावर आडवे किती मिलिमीटर दिसतात ते बघा. २ मिलिमीटर दिसले आणि पडदा ३०० मिलिमीटर रुंद असला, तर ती १५० पट झाली. त्याच पडद्याऐवजी भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलं तर हजार पटही होईल, तपशील तेवढाच राहील.

खरा तपशील किती आहे हे बघायला खानदेशात सगळ्यात स्वस्त मोजपट्टी कापूसच. बोंडातून सरकीला चिकटलेला एक तंतू ओढून काढा आणि काळ्या कागदावर ठेवा. पिकलेला कापसाचा तंतू गोल नळीसारखा नसतो. तो चपटा होऊन पीळ घेतो, वळवलेल्या फितीसारखा. १० एक्सने नुसता धागा दिसेल. बऱ्यापैकी ६० ते १०० एक्सच्या यंत्रातून तो पीळ मोजता आला पाहिजे. हजार एक्स म्हणवणाऱ्या यंत्रातून पीळ दिसत नसेल तर त्या यंत्राचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. माझं आता धाकट्या पोराकडे आहे, मुंग्या बघायला उत्तम चालतं.

एक मात्र न्यायाने सांगायला हवं: यूएसबी यंत्राचा दोष बराचसा दिव्यांचा आहे. त्या गोल दिव्यांच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली आणि उरलेल्यावर बटर पेपरचा तुकडा चिकटवला, की तेच यंत्र निम्मं सुधारतं. फोटो काढून ठेवायला, महिन्याभरापूर्वीची धार आणि आजची धार शेजारी ठेवून बघायला ते सोयीचं आहे.

६० ते १२० एक्सचे खिशातले छोटे सूक्ष्मदर्शक मिळतात, प्लॅस्टिकचे, आत एक दिवा. आयग्लासनंतर दुसरी खरेदी करायची तर ही. हातात धरून चित्र हलतं, पण टेबलावर वस्तरा आडवा ठेवून त्यावर हे टेकवलं की काम होतं. टेकवताना मात्र धारेवर नाही, पात्याच्या पाठीकडे. प्लॅस्टिकची कड धारेला लागली तर जे बघायला आलात तेच बिघडेल.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन डोळ्यांनी बघायचा जो सूक्ष्मदर्शक असतो, साधारण ७ ते ४५ पट दाखवणारा, तो मला मनापासून आवडतो. वस्तू भिंगापासून चांगली तीन-चार इंच लांब राहते, दिवा हवा तसा तिरका ठेवता येतो, चित्र सुलटं आणि खोलीसकट दिसतं. आमच्या इथल्या दुकानदाराने चहाच्या मोबदल्यात दोनदा वापरू दिला. घरी घ्यायला महाग आणि जागा खाणारा. ओळख असेल तर मात्र आयुष्यात एकदा तरी त्यातून आपली धार बघा.

शाळा-कॉलेजातला नेहमीचा सूक्ष्मदर्शक मात्र या कामाला जवळजवळ निरुपयोगी, आणि जुना स्वस्तात मिळतोय म्हणून अनेक जण तोच घेतात. कांद्याचा पापुद्रा बघायला तो केलेला आहे: उजेड खालून येतो, पापुद्र्यातून पार होतो, वर डोळ्यात जातो. पोलादातून उजेड पार होत नाही. वस्तरा त्याखाली ठेवला की फक्त काळी सावली. कागदाची घडी घालून होणारा फोल्डस्कोप, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये जगापुढे आणला, अप्रतिम कल्पना आहे, पण तोही मुळात पार जाणाऱ्या उजेडाचा. वस्तऱ्यासाठी घेऊ नका, पोरांना तळ्याचं पाणी बघायला घ्या. धातू बघायचा सूक्ष्मदर्शक वेगळा असतो. त्यात उजेड भिंगाच्या आतूनच खाली सोडतात आणि तो धातूवर आपटून त्याच वाटेने परत येतो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो असतो.

कॉलेजच्या यंत्राला बाजूने टॉर्च लावून बघायचा मोह होईलच, म्हणून दोन अडचणी सांगून ठेवतो. ४० एक्सचं भिंग वस्तूपासून मिलिमीटरहून कमी अंतरावर येतं. तिथे बाजूचा उजेड शिरत नाही, आणि फिरवताना चूक झाली तर पोलाद भिंगाला भिडतं. दुसरी अडचण खोलीची. वस्तऱ्याच्या दोन उतारांमधला कोन १६-१७ अंशांचा असतो. वस्तरा आडवा ठेवला की वरचा उतार तेवढा कललेला. उतार अर्धा मिलिमीटर रुंद धरला तरी त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १४० मायक्रॉनचा चढ पडतो. या यंत्राच्या १० एक्सच्या भिंगाला एका वेळी जेमतेम ९ मायक्रॉन खोलीचं स्पष्ट दिसतं, ४० एक्सच्याला सव्वा. म्हणजे उताराची एक बारीक चिरी स्पष्ट, बाकी धुकं. उपाय एकच: शाडूच्या मातीच्या गोळ्यावर वस्तरा टेकवून तो उतार भिंगाला समांतर येईपर्यंत कलवायचा. मी एकदा कणकेच्या गोळ्यावर ठेवला होता. कणकेत पाणी असतं आणि मीठही, आणि वस्तऱ्याचं पोलाद रात्रीतून गंजतं. शाडूच घ्या, आणि काम झालं की पातं पुसून तेलाचा हात फिरवा.

आता उजेडाकडे येतो, कारण माझ्या मते ८ आण्यांचं काम उजेडाचं आहे आणि भिंगाचं उरलेलं. खोलीतले ट्यूबलाइट बंद करा. एकच दिवा ठेवा. टेबललॅम्प किंवा फोनचा टॉर्च. उतारावरचे चरे बघायचे असतील तर दिवा खाली आणून उजेड पात्यावरून सरपटत जाईल असा ठेवा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नांगरटीच्या सऱ्या जशा उठून दिसतात आणि भर दुपारी सपाट वाटतात, तसंच इथे. उजेड चऱ्यांना आडवा असला तर चरे दिसतात, समांतर असला तर गायब होतात. म्हणून एका बाजूने बघून "चरे गेले" म्हणू नका, पातं पाव वळसा फिरवून पुन्हा बघा. धार बघायची असेल तर उलट: दिवा डोक्याच्या मागे-वर, धार डोळ्याकडे, आणि पातं हळूहळू डोलवायचं. चकाकी एका कोनात दिसते आणि दुसऱ्यात लपते, म्हणून डोलवणं महत्त्वाचं.

कुठल्या टप्प्यावर काय बघायचं हे आता थोडक्यात. १००० नंबरवर दोन्ही उतार धारेपाशी भेटलेत की नाही एवढंच बघायचं. उतारावर मार्करने शाई फासा, निसण्यावर दोन-तीन हात मारा, आयग्लासने बघा. धारेलगत शाईची बारीक रेघ उरली असेल तर निसणा धारेपर्यंत पोचतच नाहीये. पुष्कळ लोकांचं पाजवणं इथेच फसतं आणि ते दोष ८००० नंबरच्या निसण्याला देतात. पुढच्या निसण्यावर घासायची दिशा थोडी बदला, म्हणजे जुने चरे एका तिरक्यात आणि नवे दुसऱ्या तिरक्यात दिसतील. जुना एकही शिल्लक नाही असं दिसलं की पुढे जा. इथवर १० एक्स भरपूर झालं. ८००० नंतर उतार आरशासारखा होतो, आयग्लासमध्ये चरे दिसेनासे होतात. तेव्हा फक्त धार बघायची, चकाकणारे ठिपके शोधायचे. ६० एक्सचं यंत्र असेल तर ते इथे काढा, पण एकदाच. ठिपके सापडले तर मागच्या निसण्यावर चार हात, नाही सापडले तर पट्टा. यापुढे यंत्र जे सांगतं त्याहून केस जास्त सांगतो: डोक्यातून गळलेला एक केस चिमटीत धरून धारेवर टेकवा. टेकताच तुटला तर झालं. नुसता सरकत, चिरत राहिला तर काम बाकी आहे, मग भिंगात धार कितीही काळी दिसो.

दाढ्या करताना धार कशी बिघडते हेही एकदा बघण्यासारखं आहे. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ, तरी धारेचे खांडे पडतातच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच केस कापून हे दाखवलं आणि 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. धार नुसती हळूहळू झिजून गोल होत नाही. केस तिरका लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर तिथला बारीक तुकडा निघून येतो. म्हणून आयग्लासखाली जुनी धार सगळीकडे सारखी बोथट दिसत नाही, जागोजाग ठिपके चमकतात. तुमच्या वस्तऱ्यावर ते ठिपके सगळे एकाच भागात असतील तर हनुवटीच्या ताठ केसांना तुम्ही रोज तोच भाग लावत असणार. मी लावतो.

तेव्हा खरेदीचा क्रम माझ्या लेखी असा. पहिला पैसा चांगल्या १० एक्स ट्रिपलेटला. बेलारूसच्या बेलोमो कंपनीचं वस्तरेवाल्यांमध्ये बरंच चालतं, पण सराफाकडे वापरून बघून घेतलेलं कुठलंही चालेल. दुसरा पैसा एकाच बल्बच्या, मान वाकणाऱ्या टेबललॅम्पला. तिसरा, हौस असेल तर, ६० ते १२० एक्सच्या खिशातल्या यंत्राला. यूएसबीचं यंत्र फोटोंची आवड असेल तरच. आणि पन्नाशी ओलांडली असेल आणि चष्मा असेल, तर भिंगासमोर चष्मा काढायचा की ठेवायचा हे बघा: नुसता जवळचा नंबर असेल तर काढा, भिंगच ते काम करतं; सिलिंडरचा नंबर असेल तर ठेवा, नाहीतर धार एका दिशेने फाटल्यासारखी दिसेल आणि तुम्ही निसण्याला शिव्या द्याल.

भिंग वापरून झालं की घडी घालून डबीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खिडकीत राहिलेल्या उघड्या आयग्लासने काय होतं ते मी बघितलं आहे: माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर दुपारी अडीच वाजता पडलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग अजून आहे. पट्टा मारताना वस्तरा तिथे आला की हाताला बारीकसा अडखळा लागतो.